सातेरीच्या रानातील चोरी

ज्या प्रदेशात मातीच्या वारुळाला आई म्हणून हळदकुंकू वाहतात, त्याच्यावर देवीचा मुखवटा चढवतात आणि त्याच्यापुढे उभे राहून गावाचे गाऱ्हाणे घालतात, त्याच प्रदेशात त्या वारुळाच्या आधाराने जगणारा एक निरुपद्रवी जीव बिळात धूर घालून बाहेर काढला जातो, पोत्यात कोंबला जातो आणि किलोच्या भावाने विकला जातो. आमच्या देवस्थानांच्या महाजनांस, मानकऱ्यांस व गावकरांस ही गोष्ट ठाऊकच नाही असे कोणी म्हणेल, तर ते आम्हांस मान्य नाही. ती ठाऊक आहे. परंतु ती देवळाच्या पायरीबाहेरची बाब आहे, अशी एक सोयीस्कर समजूत सर्वांनी करून घेतलेली आहे. ही समजूत खोटी आहे असे आमचे स्पष्ट मत असून ते सप्रमाण मांडण्यासाठी आजचा हा लेखप्रपंच.

तो जीव म्हणजे खवले मांजर. नावात मांजर असले तरी मांजराशी त्याचे काडीचेही नाते नाही. बेळगावकडे कन्नड भाषिक त्याला चिप्पुहंदी, म्हणजे शिंपल्यांचे डुक्कर, म्हणतात; आमच्या ग्वाल्हेर-इंदूरच्या वाचकांनी आजूबाजूच्या खेड्यांत त्याचे सल्लू साँप हे नाव ऐकले असेल. एका मुलखाने मांजर म्हणावे, दुसऱ्याने डुक्कर, तिसऱ्याने साप! ज्या प्राण्याला तीन मुलखांनी तीन परक्या प्राण्यांची नावे बहाल केली, त्याला निरखून पाहणारे किती थोडे असतील याची यावरूनच कल्पना यावी. दिवसा तो बिळात असतो आणि रात्री एकटाच हिंडतो. तोंडात दात एकही नाही. वीतभर लांबीची चिकट जीभ आणि पुढच्या पायांची भक्कम नखे एवढ्याच भांडवलावर तो मुंग्या आणि वाळवी खाऊन राहतो. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन दहा-पंधरा किलो भरते आणि त्यातला चौथा ते तिसरा हिस्सा वजन केवळ अंगावरच्या खवल्यांचे असते. हे खवले सुमारे १६० ते २००, घराच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले. मादीला एका वेळी बहुधा एकच पिलू होते, आणि ते आईच्या शेपटीच्या मुळाशी घट्ट बसून रानभर फिरते.

संकट आले की हा प्राणी पळत नाही, चावत नाही. तो स्वतःला गुंडाळून चेंडू होतो आणि पिलू असल्यास त्याला पोटाशी घेतो. बिबट्याने किंवा वाघाने हा चेंडू चिवडावा, उलटापालटा करावा आणि कंटाळून निघून जावे, असे युगानुयुगे चालत आले. परंतु माणूस कंटाळत नाही. त्याला हा चेंडू उघडावाही लागत नाही. तो नुसता उचलावा लागतो. ज्या युक्तीने हा जीव लक्षावधी वर्षे तगला, तीच युक्ती माणसापुढे त्याचा घात करते. पकडलेला प्राणी ठार करून उकळत्या पाण्यात टाकतात, म्हणजे खवले सुटे होतात. मांस खाल्ले जाते आणि खवले पुढच्या दलालाकडे जातात.

हा व्यवहार केवढा मोठा आहे? वन्यजीवांच्या चोरट्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थांनी २०१८ ते २०२२ या पाच वर्षांतील भारतातील जप्तींची मोजदाद केली, तेव्हा ३४२ प्रकरणांत १,२०३ खवले मांजरे या व्यापारात सापडल्याचे आढळले. त्यात ओडिशा पहिला आणि आपला महाराष्ट्र दुसरा. हे झाले पकडले गेलेले. न पकडलेल्यांची मोजदाद कोण करणार? मध्य प्रदेशच्या वनखात्याच्या विशेष कृती दलाने या व्यापाराचा माग काढला, तेव्हा अनेक राज्यांतून सीमेपर्यंत गेलेली दलालांची साखळी उघड झाली. माल जातो तो मुख्यतः चीन आणि व्हिएतनाम या देशांकडे. तेथल्या जुन्या वैद्यकात खवल्यांस औषधी मानीत आले आहेत. आशियातील प्राणी दुर्मिळ होत गेला तसा व्यापाऱ्यांनी आपला मोर्चा आफ्रिकेकडे वळवला. २०१९ च्या एप्रिल महिन्यात सिंगापूरच्या बंदरात एका आठवड्याच्या आत दोन कंटेनर पकडले गेले. एकात १२.९ टन आणि दुसऱ्यात १२.७ टन खवले होते आणि दोन्ही नायजेरियाहून व्हिएतनामकडे चालले होते. त्यांसाठी सुमारे ३८,००० प्राणी मारले गेले असावेत असा तेथील अधिकाऱ्यांचा अंदाज होता. ३८,००० जीव, दोन पेट्यांत! आणि जातीच्या मादीला एका वेळी पिलू एक.

आता येथे एक गंमत पाहा. २०२० साली खुद्द चीनने आपल्या अधिकृत औषधिग्रंथातील कच्च्या द्रव्यांच्या यादीतून हे खवले वगळले आणि त्या प्राण्याला आपल्या कायद्यात सर्वोच्च दर्जाचे संरक्षण दिले. त्याने व्यापार थांबला असे नव्हे. परंतु ज्या देशाच्या मागणीपायी ही कत्तल चालली, त्या देशाच्या ग्रंथातून हे द्रव्य गेले, आणि आमच्याकडे मात्र अजून कोणी मूळव्याधीवर उतारा म्हणून त्याची अंगठी करतो, कोणी मुलाला दृष्ट लागू नये म्हणून त्याचा तुकडा काळ्या दोऱ्यात ओवतो. हा खवला कशाचा बनलेला असतो? केराटिन नावाच्या द्रव्याचा. आमच्या नखांत आणि केसांत जे असते तेच. आमच्या घरांत तिन्हीसांजेला नखे काढू देत नाहीत, कापलेली नखे उंबऱ्याच्या आत ठेवू देत नाहीत, नैवेद्याच्या भातात केस निघाला तर अख्खे पान टाकून देतात. आणि एका मारलेल्या प्राण्याचे तेच नख, तेच केस, दोऱ्यात ओवून देवाच्या पायांवर ठेवतात व मग गळ्यात बांधतात! सोवळ्याओवळ्याचा एवढा बारीक हिशेब ठेवणाऱ्या समाजाला ही विसंगती दिसू नये याचे आम्हांस नवल वाटते.

याच जातीची आणखी एक फसवणूक आमच्या वाचकांच्या कानांवर घालणे आवश्यक आहे, कारण ती थेट देवघरापर्यंत पोहोचलेली आहे. जडीबुटीच्या दुकानांतून ‘हत्थाजोडी’ नावाची एक वस्तू विकली जाते. दोन जोडलेल्या हातांसारखी दिसणारी ही वस्तू दुर्मिळ मुळी आहे, तिला शेंदूर लावून डबीत ठेवली व तिची पूजा केली की लक्ष्मी घरात नांदते, असे सांगितले जाते. २०१७ साली तपास करणाऱ्यांनी तिची परीक्षा करविली, तेव्हा निघाले काय? ती वाळवलेली मुळी नव्हती; ते नर घोरपडीचे कापून वाळवलेले जननेंद्रिय होते. आता ज्या सद्गृहस्थांनी ते विकत घेऊन कुलदेवतेच्या टाकांशेजारी ठेवले, त्यांच्या भावनेची थट्टा करण्याची आमची इच्छा नाही. त्यांनी श्रद्धेने ठेवले. परंतु त्यांच्या श्रद्धेवर कोणी पोट भरले आणि त्यापायी किती घोरपडी जिवंतपणी कापल्या गेल्या, हे ज्यांना कळले आहे त्यांनी ते न सांगणे हा अपराध होय. मांडुळाची कथाही वेगळी नाही. त्या बिचाऱ्या मातीतल्या सापाच्या बोथट शेपटीला दुसरे तोंड समजून ‘पैशांचा पाऊस’ पाडणाऱ्या भोंदूंनी त्याच्या नावावर लाखांच्या गोष्टी रचल्या, आणि खेड्यापाड्यांतली तरुण पोरे त्या लाखांच्या आशेने तुरुंगात गेली. पाऊस कोठेच पडला नाही.

धर्मश्रद्धेचा आणि खवले मांजराचा संबंध लावायचाच असेल तर तो आमच्या परंपरेत निराळ्या ठिकाणी आहे. शाळिग्रामावरील चक्रे ही गंडकी नदीतील शिळांत वज्रासारख्या दातांच्या कीटकांनी कोरली, अशी पुराणकथा आहे; त्या कीटकाला वज्रकीट म्हणतात. आणि हिंदी मुलखात खवले मांजरालाही ‘बजरकीट’ हे नाव होते, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत सापडते. ही चक्रे वस्तुतः अतिप्राचीन समुद्री जीवांच्या अश्मीभूत कवचांची आहेत, हे आज शाळकरी मुलासही ठाऊक असते. आणि बिनदाताच्या या प्राण्याने दगड कोरणे तर अशक्यच. तेव्हा नावाचा धागा ताणून या प्राण्याला देवत्व चिकटवण्याचा आमचा हेतू नाही. तरीसुद्धा कोणा जुन्या माणसाला या चिलखतधारी, जमीन खणणाऱ्या जीवाकडे पाहून विष्णूच्या शिळेची आठवण झाली आणि आजच्या माणसाला त्याच्याकडे पाहून किलोच्या भावाची आठवण होते, एवढा फरक नोंदविल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

परंतु पुराणांपर्यंत जाण्याचे कारणच काय? आमच्या गोव्यात आणि सावंतवाडीच्या परिसरात सातेरी गावोगाव आहे. सातेरीचे मूळ रूप म्हणजे रोयण, वाळवीने उभारलेले मातीचे वारूळ. कितीतरी देवळांत आजही गाभाऱ्यात वारूळच आहे; त्याच्यावर मागाहून मुखवटा आला, मूर्ती आली, शांतादुर्गेचे नाव आले. अन्य प्रांतांतील आमच्या वाचकांस हे सांगावेसे वाटते की भूमी स्वतःहून वर आली, तिने रूप धारण केले, ही या पूजेमागची भावना आहे. ती भावना आम्हांस फार मोलाची वाटते. मग कोणी प्रश्न करील, आणि काहींनी तो आम्हांस केलाही आहे, की खवले मांजर तर वारूळ फोडते. देवीचे अंग फोडणाऱ्याचा तुम्हांस एवढा कळवळा का? या प्रश्नाला उत्तर आहे. खवले मांजर वारुळाला एका बाजूने भोक पाडते, जीभ घालून मिळेल तेवढी वाळवी टिपते आणि पुढच्या वारुळाकडे जाते. वाळवी ते भोक पुन्हा लिंपून घेते. रान जुने असेल, तर तेथे वारूळही असते आणि खवले मांजरही असते. दोघांचा संसार पूर्वापार एकत्रच चालत आला आहे. वारूळ कायमचे मोडते ते यंत्राने. ज्या जागी सपाटीकरणाचे यंत्र एकदा फिरले, त्या जागी ना वारूळ उरते, ना त्याच्यावर जगणारा जीव.

आणि हे यंत्र रानात कोण आणतो, हा या लेखातील खरा प्रश्न आहे.

देवराई म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस शिकविण्याची आवश्यकता नाही. तिच्यातली वाळकी काडीसुद्धा घरी नेऊ नये, तिच्यात कुऱ्हाड नेऊ नये, पायांत वहाण घालून जाऊ नये, असे नियम आमच्या आज्यापणज्यांनी पाळले. कोणी मोडला तर देवाचा कोप होईल, हे भय होते. आणि त्या भयापोटी का होईना, सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस शेकडो ठिकाणी मूळच्या अरण्याचे तुकडे शिल्लक राहिले. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी या राया हिंडून पाहिल्या, तेव्हा इतरत्र नाहीशी झालेली झाडे-वेली त्यांना तेथे आढळली, आणि जगातील शास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे गेले. सत्तरी तालुक्यात बांबरची निरंकाराची राई आहे. तेथे जायफळाच्या कुळातील रानटी वृक्षांची दलदल आजही पाहावयास मिळते. अशी दलदल सबंध पश्चिम घाटात फार थोड्या जागी उरली आहे. केरीची आजोबाची राई त्याच तालुक्यातली. या राया कोणत्याही सरकारी फर्मानाने राखल्या गेल्या नाहीत. देवाच्या नावाने राखल्या गेल्या. मोठमोठ्या पगारांच्या अधिकाऱ्यांना जे साधले नाही, ते एका अदृश्य निरंकाराने साधले. या गोष्टीचा आम्हांस सार्थ अभिमान आहे.

पण हा अभिमान आता उसना होऊ लागला आहे. गेल्या काही दशकांत कोकणात आणि गोव्यात जीर्णोद्धाराची लाट आली. मुंबईला, पुण्याला, आखातात आणि त्याही पलीकडे गेलेल्या मंडळींनी गावच्या देवासाठी सढळ हाताने पैसा पाठवला. त्यांच्या भक्तीबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु त्या पैशांतून झाले काय? मातीचे, कौलारू, आटोपशीर देऊळ पाडून तेथे काँक्रिटचा सभामंडप उभा राहिला. त्याला वाहनतळ हवा, म्हणून राईची एक बाजू गेली. भोजनशाळा हवी, म्हणून दुसरी गेली. आवाराला सिमेंटची भिंत आली, अंगणाला फरशी आली, रात्रभर जळणारे दिवे आले. आणि वर्गणी कमी पडली तेव्हा काही गावांनी देवराईतीलच जुने वृक्ष लाकडाच्या व्यापाऱ्याला देऊन ती तूट भरून काढली! देवाचे रान विकून देवाला घर बांधायचे, हा कोणत्या धर्मशास्त्रातला विधी? तो देव घर मागत होता काय? ज्याचे नावच निरंकार, त्याला काँक्रिटचा आकार कशासाठी?

राईबाहेरचे रानही तसेच चालले आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील जंगल बहुतांशी खाजगी मालकीचे आहे. मालक शहरात, सातबाऱ्यावर नावे वीस, आणि लाकूडतोड्याचा ट्रक दारात. दोडामार्गाकडे डोंगरच्या डोंगर रबराच्या लागवडीखाली गेले. उन्हाळ्यात वणवे लागतात, नव्हे, पुष्कळदा लावले जातात. सुट्या सुट्या राया अशा उघड्या माळरानांत बेटांसारख्या उरल्या की तेथे राहणाऱ्या प्राण्याला एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना रस्ते ओलांडावे लागतात, आणि संथ चालीचा हा जीव माणसाच्या दृष्टीस पडतो. दृष्टीस पडला की त्याचे पुढे काय होते, ते वर सांगितलेच आहे.

यावर ठरावीक उत्तर असे येते, की हे काम वनखात्याचे आहे, आमचे नव्हे. कायदा आहे, हे खरे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खवले मांजर आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने त्याला संरक्षण आहे. २०२२ साली झालेल्या आणि २०२३ च्या एप्रिलपासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद व किमान २५,००० रुपये दंड आहे. २०१६ साली जोहान्सबर्ग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आठही जातींच्या खवले मांजरांचा देशोदेशींचा व्यापार निषिद्ध ठरविला. कागद भक्कम आहेत. परंतु रात्री दोन वाजता कोणत्या डोंगरात कोण धूर घालतो, हे वनरक्षकाला कळत नाही. ते गावाला कळते. गावातल्या प्रत्येक वाडीला कळते. आणि ज्या गावात देवापुढे गाऱ्हाणे घालून वर्षाची सुरुवात होते, ज्या गावात भांडणाचा निकाल कौल लावून होतो, तेथे देवस्थानाचा शब्द कायद्याच्या कलमाहून वजनदार असतो. ते वजन देवस्थाने मानपानासाठी वापरतात, पालखीला पहिला खांदा कोणाचा याच्या दाव्यांसाठी न्यायालयांची दारे झिजवतात, आणि या एका बाबतीत मात्र ‘आम्ही काय करणार?’ म्हणून हात झटकतात.

शिकारी गरीब असतो, हे आम्हांस मान्य आहे. रानात राहणाऱ्या माणसाला दलाल जो पैसा देतो तो शेवटच्या गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या किमतीचा कण असतो. पकडला जातो तोही तोच, दलाल सुटतो. म्हणूनच आम्ही त्या गरिबावर तोंडसुख घेत नाही. आमचा रोख सुशिक्षित, सुखवस्तू, टिळा लावून पहिल्या पंगतीला बसणाऱ्या मंडळींवर आहे, ज्यांच्या घरात त्या खवल्याची अंगठी निघते आणि ज्यांच्या सहीने राईचे झाड पडते.

कोणी रूढीची ढाल पुढे करील. शिमग्याच्या दिवसांत पारध करण्याची चाल काही गावांत होती. ती देवाच्या नावाने होती, असे आम्हांस सांगण्यात येते. होती. बळी देण्याचीही होती, आणि कितीतरी देवस्थानांत बळीच्या जागी आज कोहळा फोडला जातो. देव रुसला नाही. रूढी बदलते, आणि चांगल्या दिशेने बदललेली रूढी दोन पिढ्यांत ‘पूर्वापार’ होते. रत्नागिरी जिल्ह्यातील डुगवे या गावाने हे करून दाखवले. २०२० च्या फेब्रुवारीत, जागतिक खवले मांजर दिनाच्या निमित्ताने, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकाराने त्या गावाने ‘खवलोत्सव’ केला. खवले मांजराची प्रतिकृती देवळात पुजली गेली, पालखीत बसली आणि गाव वाजतगाजत तिच्याबरोबर चालला. ज्या खांद्यांवरून देव जातो त्याच खांद्यांवरून हा प्राणी गेला. उत्सवाने शिकार एका दिवसात थांबते असे आम्ही मानत नाही. परंतु ज्याला काल पालखीत पाहिले त्याला आज पोत्यात घालताना हात थोडा तरी अडखळेल. याच संस्थेने २००२ पासून वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखण्याचे काम चालविले. जी अंडी पूर्वी चोरली जात, ती आज तेथील गावकरीच राखतात, आणि पिले समुद्राकडे जाताना पाहण्यास दूरदूरचे लोक येतात.

ज्यांना वाटते की रानात संपले तरी प्राणिसंग्रहालयात राहतील, त्यांच्यासाठी एक वाक्य पुरे. ओडिशात नंदनकानन येथे २००९ पासून या प्राण्याच्या पैदाशीचे केंद्र चालविले जाते. परंतु मुंग्या-वाळवीवर जगणारा, एकटा राहणारा, एका वेळी एकच पिलू देणारा हा जीव पिंजऱ्यात जगवणे अतिशय कठीण असते, आणि एका केंद्राच्या जोरावर सबंध देशाची तूट भरून निघणार नाही.

तेव्हा आमची मागणी थोडी आणि नेमकी आहे. जत्रेच्या आधी देवस्थानांच्या समित्या दुकानांच्या जागांची पावणी करतात आणि अटी वाचून दाखवतात: कचरा कोठे टाकावा, भाडे केव्हा भरावे, दिव्याचा आकार किती. त्या अटींत आणखी एक अट घालावी, की प्राण्यांचे खवले, नखे, दात, कातडी व हत्थाजोडी विकणाऱ्यास या आवारात जागा मिळणार नाही आणि आढळल्यास त्याची वर्दी वनखात्यास दिली जाईल. वार्षिक सभेत राईसंबंधी ठराव व्हावा, तिच्या चतुःसीमा इतिवृत्तात लिहून ठेवाव्यात आणि सर्व महाजनांच्या सह्यांवाचून तेथील एकही झाड तोडले जाऊ नये. आणि भटजींनी, गुरवांनी गाऱ्हाण्यात गावच्या गुराढोरांबरोबर रानातल्या जीवांचेही नाव घ्यावे. ‘बरे कर’ म्हणायला त्यांच्यासाठी दुसरे कोणी नाही. जी देवस्थाने ही अट घालतील आणि हा ठराव करतील, त्यांनी त्याची प्रत आमच्याकडे धाडावी. येत्या जत्रांच्या हंगामापर्यंत आलेले सर्व ठराव आम्ही त्या देवस्थानांच्या नावांसह, मराठी आणि कोंकणी अशा दोन्ही विभागांत, शब्दशः छापू. प्रत एकही आली नाही, तर ती पाने आम्ही कोरी ठेवू.